लतीफचाचांची आढी

लतीफचाचा चहा चालत पितात. टपरीवर उभं राहून नव्हे, चालत. कप हातात आला की ते टपरीपासून माझ्या गिरणीपर्यंत येतात, गिरणीपासून परत टपरीकडे निघतात आणि चहा जिथे संपेल तिथे समोर जो असेल त्याच्या हातात रिकामा कप देऊन पुढे जातात. गेवराईच्या आमच्या गल्लीत नवा आलेला माणूस ओळखायची ही सोपी खूण आहे. तो रिकामा कप धरून, याचं आता काय करायचं, अशा चेहऱ्याने उभा असतो.

चाचा फळांचे व्यापारी. उन्हाळ्यात कोकणातला आंबा, पावसाळा सरताना बालाघाटातली सीताफळं, थंडीत मोसंबी. त्यांचं गोडाऊन आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत आहे. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते, त्यामुळे दिवसभर एका जागी बसणं हा माझा धंदा आणि दिवसभर एका जागी न बसणं हा त्यांचा. सकाळी मांजरसुंब्याला दिसलेला माणूस दुपारी अंबाजोगाईला दिसतो आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन "मंगलबेटा, कोन आलतं का गं?" असं विचारतो. कोण येणार असतं ते त्यांनाही माहीत नसतं. उत्तर ऐकायला ते थांबतच नाहीत.

त्यांची बायको, शमीमचाची, होत्या तोवर दळण घेऊन त्या यायच्या. पत्र्याचा मोठा डबा, ज्वारीने काठोकाठ भरलेला. डबा ठेवला की दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या. "या मानसाला बसल्यालं म्या फकस्त लग्नाच्या फोटूत बघितलंय," त्या म्हणायच्या, "त्यात बी यक पाय चपलंत हाय." खरंच आहे ते. चाचा कुणाच्या घरी गेले तरी एकच चप्पल काढतात आणि दुसरा पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बोलतात.

चाची दोन वर्षांपूर्वी गेल्या. दोन्ही मुली त्याआधीच लग्न होऊन परभणीला आणि जालन्याला. आता डबा चाचा आणतात. तोच डबा, तसाच काठोकाठ. डबा ठेवतात आणि मी झाकण उघडेपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेले असतात.

तर अशा माणसाचा गुरू कोण असावा? अजगर.

काही वर्षांपूर्वी चाचा देवगडकडच्या एका बागेत आंबा भरायला गेले होते. तिथे पेंढ्याच्या गंजीआड त्यांनी अजगराची मादी पाहिली, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. "मंगल, म्या नुस्ता बघत उभा ऱ्हायलो. मंग गणू म्हनला, चाचा, गाडी भरून यक तास झाला. यक तास म्या हललो न्हाई." गणू म्हणजे त्या बागेचा राखणदार. ही गोष्ट चाचांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की तेवढ्या वेळात दोन पोती दळून झाली असती. शिवाय दर खेपेला अजगर हातभर वाढतो. मध्यंतरी तो आमच्या गल्लीत मावेनासा झाला होता.

तेव्हापासून गल्लीला उपदेश सुरू झाला. "अजगराला घाई हाय का? न्हाई. उपाशी मरतंय का? न्हाई. मंग तू कावून पळतो बे?" असं ते हमालाला विचारायचे, त्याच्या पुढे पळत. अजगर नुसत्या श्वासाने बकरी ओढून घेतो, त्याला राग म्हणून येतच नाही, एकदा जेवला की तो पुढच्या ईदेलाच जेवतो, अशी त्यांची माहिती होती. मला यातलं फार काही खरं वाटत नसे. पण चाचांशी वाद घालायचा तर ते आधी एका जागी सापडायला हवेत.

या भक्तीपायी एक लग्नही मोडलं. पलीकडच्या गल्लीत एका मुलाला बघायला पाहुणे आले होते. मुलगा शांत, कामाला चोख, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पाहुण्यांनी रस्त्यात चाचांना गाठून चौकशी केली. चाचांनी मनापासून सांगितलं, "पोरगा म्हंजे यकदम अजगर हाय." पाहुणे तिथूनच परत फिरले. मुलाची आई भांडायला आली तेव्हा चाचांना काही केल्या कळेना की आपण वाईट काय बोललो. ते तिला अजगराचे गुण समजावून सांगत राहिले. ती ऐकून घ्यायला तयार नव्हती, आणि चाचा तिच्याभोवती गोल गोल फिरत असल्यामुळे तिला नीट भांडताही येईना.

यंदाच्या मे महिन्यात ते पुन्हा देवगडला गेले. जाताना नेहमीसारखे म्हणाले, "ती असंल तर बघून येतो." पहाटे पिकअप आली. चाचा सुटा आंबा आणतात, गाडीत पेंढा पसरून त्यावर थर लावलेला. हमाल माल उतरवत होता आणि भिंतीपलीकडून मला चाचांचा आवाज ऐकू येत होता. "उतर बे. लवकर. ऊन चढतंय. हात हाय का काय हाय?" मग एकदम आवाज बंद झाला.

लतीफचाचांचा आवाज बंद झाला याचा अर्थ काहीतरी घडलं. मी हातचं पीठ तसंच सोडून गेले.

गाडीच्या तळच्या पेंढ्यात पांढरी अंडी होती. बदकाच्या अंड्याहून चांगलीच मोठी, कवच मऊ, चामड्यासारखं. बरीचशी एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला, काही वाटेतल्या धक्क्यांनी सुटी झालेली. हमाल म्हणाला, मोराची असतील. चाचांनी मान हलवली. "न्हाई बे. तिची हायती."

त्यांनी गणूला फोन लावला आणि कानाला धरायचं सोडून समोर धरला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. गणू त्याच्या मालवणीत बोलतो आणि चाचा त्यांच्या बोलीत. दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळतं, म्हणून दोघेही ओरडतात. झालं होतं असं की गाडी भरताना चाचांनी नेहमीप्रमाणे "भरा, भरा" असा धोशा लावला होता. खाली अंथरायलाच पेंढा कमी पडला. मजुरांनी घाईघाईत मागची जुनी गंज उपसली. तिच्यातून अजगराची मादी निघाली, तिला काठ्या आपटून हाकललं, आणि आत काय आहे ते न बघता पेंढा कवळ्याकवळ्याने गाडीत टाकला. चाचा तेव्हा पुढे उभे राहून ड्रायव्हरला घाई करत होते.

"आता कुटं हाय ती?" चाचांनी विचारलं.

"परत इला जनावर," पलीकडून गणू म्हणाला. "थंयच बसला हा. रिकाम्या जाग्यार."

कोकणात सापाला जनावर म्हणतात, एवढं चाचांना माहीत होतं. बाकीचं न सांगता कळलं. ती परत येऊन त्याच जागी वेटोळं घालून बसली होती, आणि वेटोळ्यात काही नव्हतं.

चाचांनी फोन खिशात ठेवला. "माझ्या घाईनं झालं, मंगल," ते म्हणाले. "ही जगली पायजेत. काय बी हू दे, जगली पायजेत." एवढं बोलून त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि तसेच देवगडला परत निघाले. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून पेंगत होता. मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि ज्वारीच्या डब्यात टाकली. ज्वारीत हात घालून किल्ली शोधायची तर एका जागी उभं राहावं लागतं, तेव्हा ती सुरक्षित होती.

मग चाचांनी त्यांना येत होतं ते केलं. त्यांनी अंड्यांची आढी घातली.

आढी म्हणजे आंबा पिकवायची पेंढ्याची गादी. खाली पेंढा, वर आंबे, त्यावर पुन्हा पेंढा, आणि ऊब किती धरली आहे ते हात खुपसून बघायचं. या कामात चाचांचा हात धरणारा आमच्या बाजारात कुणी नाही. त्यांनी गोडाऊनच्या गार कोपऱ्यात आढी रचली, खिडकीला ओली पोती बांधली, आणि आंब्यांपेक्षा जपून अंडी आत ठेवली. आणि आढीतला माल पालटायचा असतो, म्हणजे खालची बाजू वर करायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी जी सुटी अंडी होती ती एकेक करून पालटली. चिकटलेला गोळा पालटता येईना म्हणून तसाच ठेवला.

मला हे रात्रंदिवस भिंतीपलीकडे नको होतं. मला सापाची भीती वाटते, यात लाजण्यासारखं काही नाही. शिवाय असं काही घरात ठेवणं गुन्हा असतो एवढं मी ऐकून होते. मी वनखात्याला फोन केला. चाचांना कळलं तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "शेजारीन म्हून भरवसा ठिवला, अन् तू फितूर झालीस." आणि उत्तर न ऐकता गेले. ते नेहमीच तसे जातात, पण त्या दिवशी मला लागलं.

वनखात्याची जी मुलगी मोटारसायकलवर आली ती विशी-पंचविशीची होती. तिने आढी उघडून पाहिली, आपल्या साहेबांना फोनवर अंडी दाखवली, साहेबांनी कुणा जाणकाराला विचारलं. शेवटी ठरलं की अंडी इथेच राहू द्यायची. पुन्हा एवढा प्रवास झाला तर एकही टिकणार नाही. ती मधूनमधून येऊन बघेल, पण ऊब आणि ओल सांभाळायला कुणीतरी सतत जवळ पाहिजे.

"आणि चाचा, ही पालटायची नाहीत हां," ती जाता जाता म्हणाली. "कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं हे. पिल्लू एका बाजूला धरून असतं. पालटलं की आतल्या आत मरतं."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग आढीकडे. "सुटी व्हती तेवडी पालटली म्या," ते म्हणाले. आणि खाली बसले. एका उलट्या क्रेटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर ते तिथेच बसून राहिले. ऐन आंब्याच्या हंगामात व्यापार पुतण्यावर सोपवला आणि आढीजवळ क्रेट मांडला. हे वाचायला सोपं आहे. बघायला नव्हतं. बसलेल्या चाचांचा गुडघा हलायचा, गुडघा धरला की टाच हलायची, टाच दाबली की बोटं क्रेटवर ताल धरायची. चहा आला की सवयीने उठायचे आणि दारातून परत यायचे. एकदा तर मी त्यांना क्रेटसकट सरकत सरकत दारापर्यंत येताना पाहिलं. म्हणाले, "उठलो न्हाई म्या."

मग त्यांच्या डोक्यात आलं की माझ्या गिरणीने भिंत हादरते आणि त्याने अंड्यांना त्रास होतो. "दोन म्हैने गिरनी बंद ठिव, बेटा," त्यांनी सहज सांगितलं, पंखा बंद कर म्हणावं तसं.

"अन् गावानं काय ज्वारी चघळत बसायचं?"

"अजगर दोन-दोन म्हैने खात न्हाई."

"गावाला तसं सांगून बघा तुमी."

आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी मी यंत्राच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले आणि भिंतीच्या कडेने पिठाची पोती रचली. आवाज कमी झाला की नाही ते माहीत नाही, पण चाचा भिंतीला कान लावून म्हणाले, "आता लई बरं हाय." ते नमाजला जायचे तेवढा वेळ आढीजवळ मी बसायचे, पाय क्रेटवर वर घेऊन. गिरणीपुढे उभी असलेली गिऱ्हाईकं मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

रोज संध्याकाळी गणूला फोन व्हायचा. "बसलीया का?" चाचा विचारायचे. "बसला हा," गणू सांगायचा. फोन झाला की चाचा आणखी अस्वस्थ व्हायचे. मला म्हणायचे, "मोकळ्या जागेला येटोळं घालून बसलीया गं ती. तिला कोन सांगनार?" आणि आढीत हात खुपसून ऊब बघायचे, जी त्यांनी आत्ताच बघितलेली असायची.

एका संध्याकाळी गणू म्हणाला, "गेला जनावर."

चाचांनी दोनदा विचारून घेतलं. आठवडाभर ती तिथे बसून होती. आज सकाळी उठली आणि ओढ्याकडे निघून गेली. गणूने लांबून पाहिलं होतं.

मला वाटलं चाचांना बरं वाटेल. त्यांनी फोन हातातच धरून ठेवला. गुडघाही हलत नव्हता. मग म्हणाले, "उठली म्हनं ती. कसं जमलं असंल तिला?"

मी म्हटलं, "जनावर आहे, चाचा. भूक लागली असेल."

"भूक तर मानसाला बी लागती," ते म्हणाले आणि पेंढा सारखा करायला लागले.

आंबा संपला. सुटी अंडी एकेक करून पिवळी पडली, आत दबली, वास यायला लागला. चाचांनी ती स्वतः नेऊन पुरली, मला हात लावू दिला नाही. उरला तो चिकटलेला गोळा. त्यात काही जिवंत आहे की नाही ते वनखात्याच्या मुलीलाही सांगता येईना. चाचांची दाढी वाढली, आवाज उतरला. जालन्याची मुलगी येऊन "अब्बा, हे काय लावलंय" म्हणून रडून गेली. तिला त्यांनी उरलेला दोन पेट्या आंबा दिला, पण गोडाऊनच्या दारातून आत काही येऊ दिलं नाही.

आषाढातल्या एका दुपारी भिंतीवर थाप पडली. मी गेले तर चाचा आढीपुढे उकिडवे बसले होते आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प करत होते, मी काहीही बोललेले नसताना. एका अंड्याला चीर पडली होती आणि चिरेतून एवढंसं डोकं बाहेर आलं होतं. ते डोकं काहीच करत नव्हतं. नुसतं बघत होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या गोळ्यातली जवळजवळ सगळी अंडी फुटली, आणि प्रत्येकातून एक डोकं बाहेर येऊन तसंच थांबलं. सगळं अंग बाहेर काढायची त्यांना काही घाई नव्हती. चाचा मला कोपराने ढोसून हळूच म्हणाले, "सांगत व्हतो का न्हाई?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचीही त्यांनी घाई केली नाही. मी पाय वर घेऊन बसले होते, पण खोटं कशाला बोलू, पिल्लं देखणी होती.

वनखात्याची मुलगी पिल्लं घेऊन गेली. कोकणच्या बाजूच्या जंगलात सोडणार होते. चाचांनी तिला गणूच्या बागेचा पत्ता तीन वेळा सांगितला. जमलं तर बघू, असं ती म्हणाली. गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते, दोन्ही हात मागे बांधून.

मला वाटलं, आता सुटले. दोन महिन्यांची राहिलेली सगळी पायपीट एका दिवसात करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा गिरणीत आले. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. हातात डबा नव्हता. कापडी पिशवी होती, आणि तिच्यात डब्याच्या निम्मीसुद्धा ज्वारी नव्हती.

कुणाच्या घरात किती माणसं जेवतात हे गिरणीवालीला विचारावं लागत नाही. चाची गेल्यावरही काठोकाठ डबा येत राहिला, तेव्हाच मला कळलं होतं की एकटा माणूस एवढ्या भाकरी खात नसतो. जास्तीचं पीठ चाचा गोदाकाठी उतरलेल्या मेंढपाळांना नेऊन देतात, हेही कानावर आलं होतं. मी कधी विषय काढला नाही.

"येवढंच?" आता मात्र तोंडून निघून गेलं.

"येवढंच लागतंय, बेटा," चाचा म्हणाले. "कमी आनलं तर तू इचारशील, अन् मंग घरात आता यकटाच हाय असं मला सांगावं लागंल, म्हून डबा आनत व्हतो." पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "देवगडची ती बी उठलीच की."

मी ज्वारी गिरणीत ओतली आणि बटण दाबलं. आता ते नेहमीसारखे निघतील असं धरून मी पाठ फिरवली होती. वळून पाहिलं तर चाचा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

"हितंच बसायची न्हवं शमीम?" त्यांनी आवाज चढवून विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

"काय बोलायची गं येवडं?"

मी गिरणी बंद केली. दळण अर्ध्यात असताना गिरणी बंद करत नाहीत, पीठ बिघडतं. पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमच्याबद्दलच बोलायच्या," मी म्हटलं. "म्हणायच्या, या माणसाला बसलेलं मी फक्त लग्नाच्या फोटोत बघितलंय, त्यातसुद्धा एक पाय चपलेत आहे."

चाचा हसले. खूप वेळ हसत राहिले. मग त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला, दोन्ही चपला काढल्या आणि नीट जोडून स्टुलाखाली सरकवल्या.

"आनखी काय म्हनायची?" ते म्हणाले.